कोणती नको, ते आधी ठरतं

मराठी घरात गाडी घ्यायचं ठरलं की पहिली यादी होते ती कोणती नको याची. बजेट, ॲव्हरेज, डिकी, सनरूफ हे सगळं मागाहून. त्याआधीच घरातलं कुणीतरी ज्येष्ठ पेपरातून मान वर न करता एखाद-दुसरं नाव खोडून टाकतं. "ती नको. नानांना काय त्रास दिलाय तिने!" नानांनी ती गाडी विकून किती वर्षं झाली, ते मॉडेल केव्हाच बंद झालं, मधल्या काळात कंपनीचे मालकसुद्धा बदलले, याची चौकशी कुणी करत नाही. एखाद्या घराशी जमत आलेली सोयरीक फिसकटली की पुढच्या दोन पिढ्या त्या आडनावाचं स्थळ आलं तरी पत्रिका उघडत नाहीत, तशातली गत.

आमच्या शेजारच्या बंगल्यात मध्यंतरी एकाच कंपनीची चौथी गाडी आली. शोरूमवाल्यांनी काकांच्या गळ्यात हार घातला, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला आणि 'लॉयल कस्टमर' म्हणून सर्व्हिसवर सवलतीचं कूपनही दिलं. मी सहज विचारलं, "काका, इतकी आवडते ही कंपनी?" तर म्हणाले, "आवडते कसली! पत्रा बघितलास का, बोटाने दाबला तर आत जातो. पण मधे एकदा मी दुसरीकडे गेलो होतो ना…" आणि पुढचा अर्धा तास काका त्या दुसऱ्या गाडीबद्दल बोलत राहिले. दारातल्या नव्या गाडीबद्दल अवाक्षर नाही.

कंपन्यांच्या हिशेबात काका निष्ठावंत. मला ते जास्त करून घाबरलेले वाटले. आणि जसजशी अशा निष्ठावंतांशी बोलत गेले, तसतसं वाटायला लागलं की गाड्यांच्या बाबतीत ज्याला आपण निष्ठा म्हणतो, ती पुष्कळदा दुसऱ्या कुणावर तरी धरलेली अढी असते.

अढी म्हटलं की आमचे अण्णा.

अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. उभा जन्म शीट मोजण्यात आणि मोजलेले परत मोजण्यात गेलेला. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली नवी कोरी गाडी घेतली. पाडव्याचा मुहूर्त, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शोरूममधून थेट काळारामाच्या दर्शनाला. पांढरी शुभ्र गाडी. रोज सकाळी चहाच्या आधी ओल्या फडक्याने पुसायची आणि दुपारी सावलीत हलवायची, हा नेम.

दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला बारीक फुगवटे आले. अण्णांनी गाडी मुंबई नाक्याजवळच्या एका पेंटरकडे नेली, मी बरोबर होते. त्याने फुगवट्यांकडे बघितलंही नाही. मागच्या दरवाजावर नखाने टिचकी मारली, मग पुढच्या दरवाजावर मारली. पुढचा टणकन वाजला, मागचा बद्द. मग हत्यारांच्या डब्यातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून रंगाला चरा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळलं आणि पुढच्या दरवाजाला लावलं. चिकटलं. तेच मागच्या दरवाजाच्या खालच्या भागाला लावलं, तर सरळ घसरून त्याच्या तळहातात आलं. "काका, आत पुट्टी भरलीय. हा दरवाजा ठोकून परत मारलेला आहे." अण्णांच्या ताब्यात आल्यापासून त्या गाडीला ओरखडासुद्धा गेलेला नव्हता. म्हणजे जे झालं ते आधीच झालेलं. ट्रकवरून उतरवताना, नाहीतर डीलरच्या आवारात.

शोरूमचा मॅनेजर अगदी गोड बोलला. चहा मागवला. "काका, कुठेतरी घासली असेल. या वयात लक्षात राहत नाही सगळं." हे शीट मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला! अण्णांनी चहा घेतला नाही. भांडले मात्र नाहीत. परत मुंबई नाक्यावर येऊन त्यांनी पेंटरला स्वतःच्या खिशातून पैसे दिले. रक्कम किरकोळ होती.

गंमत पुढे आहे. गाडी कित्येक वर्षं उत्तम चालली. कसाऱ्याच्या घाटात कधी तापली नाही, थंडीत कधी धक्का मारावा लागला नाही, आणि विकायला काढली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने फारशी घासाघीस न करता नेली. तरी त्या कंपनीचं नाव आमच्या घरातून बाद. नुसता डीलर नव्हे, अख्खी कंपनी बाद. डीलर तर पुढे बंदच पडला, त्याच्यावर राग धरून करणार काय? राहिली कंपनी, तिच्या वाट्याला सगळं आलं. तक्रार करायला जागा नसलेली गाडी आणि आयुष्यभराची अढी एकाच दारात सुखाने नांदू शकतात, हे मी आमच्या घरी बघितलं.

अण्णांच्या दरवाजासारखीच एक गोष्ट अमेरिकेत थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात आयरा गोर नावाच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये काळी बीएमडब्ल्यू घेतली, ४० हजार डॉलरच्या थोडी वर किंमत मोजून. नऊ महिने मजेत चालवली, खोट अशी काही दिसली नाही. मग गाडी आणखी चकाचक करावी म्हणून डिटेलिंगवाल्याकडे नेली, तर तो म्हणाला, ही परत रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना आम्लपावसाने रंग खराब झाला होता म्हणे. कंपनीचं धोरणच असं होतं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर कुणाला सांगायचं नाही, नवी म्हणूनच विकायची. गोरांच्या गाडीवर ६०१ डॉलर खर्च झाले होते, म्हणजे दीड टक्का. नियमात चोख बसत होतं.

ज्युरीने गाडीची किंमत घटल्याबद्दल ४ हजार डॉलर दिले, आणि शिक्षा म्हणून वर ४० लाख डॉलर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते २० लाखांवर आणले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तेही अवाजवी ठरवलं, आणि शेवटी प्रकरण ५० हजारांवर मिटलं. दंडाला मर्यादा हवी, हा धडा म्हणून कायद्याच्या वर्गात हा खटला शिकवतात. मला त्यातली ज्युरी जवळची वाटते. ६०१ डॉलरच्या रंगापायी ४० लाख हा हिशेब कायद्यात बसणारा नाहीच. पण त्या बारा माणसांनी रंगाची किंमत केलीच नव्हती. समोरच्याला कळणार नाही असं धरून चाललेल्या कंपनीची त्यांनी किंमत केली. आमच्याकडे ज्युरी नव्हती. अण्णा एकटेच बसले आणि त्यांनी जन्मठेप दिली.

माझी स्वतःची हकीकत त्या मानाने साधी. वेगळ्या कंपनीची, तीही नाव न घेता सांगते. लुना, मग कायनेटिक, मग जुनी मारुती ८०० असं करत मी नाशिकच्या रस्त्यांवर वाढलेली. नवी सेडान घेतली आणि वर्षाच्या आतच इगतपुरीच्या चढाला क्लच जळल्याचा वास यायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली. नवरा बरोबर होता, कारण त्याला पुढे बँकेत जायचं होतं. आमच्या ह्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही, लायसन्ससुद्धा काढलेलं नाही. ॲडव्हायझर टॅबलेट घेऊन आला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि ह्यांना विचारलं, "सर, मॅडम हाफ क्लचवर चालवतात का?" म्हणजे क्लच अर्धा दाबून ठेवून.

मी हातभर अंतरावर उभी. किल्ली माझ्या हातात. गाडी माझ्या नावावर. नवरा बिचारा म्हणाला, "अहो, त्यांनाच विचारा ना." ॲडव्हायझरने मला काही विचारलं नाही. जॉब कार्डवर 'ड्रायव्हिंग हॅबिट' असं लिहून मोकळा झाला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं झिजेच्या खात्यात. वॉरंटी त्याला लागू नाही.

यामागचं गणित मला पुढे एका ओळखीच्या फ्लोअर मॅनेजरने समजावलं. वॉरंटीतलं काम केलं की त्याचे पैसे डीलरला कंपनीकडून यायचे असतात. कंपनीने दावा नाकारला तर भुर्दंड डीलरच्या अंगावर. गिऱ्हाइकाने भरलं की रोकडा हातात. तेव्हा क्लच, ब्रेक पॅड, सस्पेन्शनची बुशं अशा ज्या गोष्टी झिजूही शकतात आणि सदोषही निघू शकतात, त्यात शंकेचा फायदा गिऱ्हाइकाला मिळणं अवघडच. त्या पोराचा माझ्यावर काही राग नव्हता, त्याला फॉर्म भरायचा होता. हे मला समजतं. राग त्यामुळे कमी झाला का? छे.

आणि मग तो फोन. गाडी घरी आल्यावर संध्याकाळी त्याच ॲडव्हायझरचा. आवाज एकदम मऊ. "मॅडम, उद्या कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." हा फोन महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रत्येक गाडीवाल्याला येऊन गेलेला असणार. दुसऱ्या दिवशी खरोखरच कॉल आला. समोरच्या मुलीचा काही दोष नाही, त्या पोराच्या पोटावर पाय कशाला, असं म्हणून माणूस दहा सांगून टाकतो. मीही सांगितले. कंपनीच्या तक्त्यात मी त्या महिन्यातली अत्यंत समाधानी ग्राहक असणार.

या दहा गुणांपाशीच खरी गोम आहे असं मला वाटतं. गिऱ्हाइकाचा राग कंपनीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर ज्या माणसावर राग आहे तोच पाटी घेऊन उभा असतो. मग तो राग जातो कुठे? घरी येतो. जेवणाच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितला जातो. दर वेळी थोडा मीठमसाला वाढतो. कंपनीला तो दिसतो तेव्हा विक्रीच्या आकड्यांत दिसतो, आणि तोवर त्याचं कारण सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

बिघाड लोक माफ करतात, यावर माझा ठाम विश्वास आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या पिंपरीतच घडला. १९९८ च्या डिसेंबरात टाटांनी इंडिका आणली. आपली, इथे आखलेली, इथे बनवलेली गाडी. आठवड्याभरात १ लाख १५ हजार बुकिंग, तेही पूर्ण पैसे भरून. आणि मग तक्रारींचा पूर. आवाज, थरथर, लवकर झिजणारे टायर, काही विचारू नका. टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, २०००-०१ या वर्षात ५०० कोटींचा तोटा झाला. त्या वर्षी या गाडीवर विनोद न केलेला माणूस पुण्यात शोधावा लागला असता.

पण कंपनीने एक केलं. गावोगाव कॅम्प लावले, गाड्या बोलावून घेतल्या, भाग फुकट बदलून दिले. आणि २००१ मध्ये सुधारलेली व्हीटू आणली. ती धो धो खपली. नवं गिऱ्हाईक तर आलंच, पहिल्या इंडिकाने ज्यांचं रक्त आटवलं होतं त्यांतलेही कितीतरी परत आले. माझ्या माहितीतले एक निवृत्त प्राध्यापक पहिल्या इंडिकेला तोंडभर शिव्या द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण त्यांनी कबूल केलं हो, की चुकलं." त्यांनी पुढे टाटाचीच घेतली. इंडिकाला टॅक्सीचा शिक्का बसला तो बसलाच, त्याची किंमत कंपनीने बरीच वर्षं मोजली. २०१८ च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच, तेव्हा कुठे हे नाव पुन्हा मध्यमवर्गाच्या तोंडी कौतुकाने यायला लागलं.

उलट बाजूला मुंबईची फियाट. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, कंपनी वालचंद हिराचंदांची, पण मुंबईकर तिला फियाटच म्हणायचा. टॅक्सी म्हणजे फियाट, डॉक्टरांची फियाट, मामांची फियाट. इतकं घट्ट नाव दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. नव्वदच्या दशकात युनो आली, लोकांनी रांगा लावून बुकिंग केलं, आणि कारखान्यातल्या संपापायी गाड्याच हातात पडेनात. त्याच प्रीमियरने कल्याणला फ्रेंच पुजोबरोबर ३०९ काढली, तिथेही कामगारांशी बिनसलं, १९९७ मध्ये पुजो निघून गेली. ती मंडळी भारतात परतली ती २०२१ मध्ये, आणि तीसुद्धा सित्रोएन या दुसऱ्या नावाने. फियाट मात्र हट्टाने राहिली. पालिओ आणली, सचिनला जाहिरातीत उभं केलं, मग रांजणगावला टाटांबरोबर कारखाना घातला, पुंटो आणि लिनिया काढल्या. चालवणारे आजही त्यांच्या स्टिअरिंगबद्दल हळवे होऊन बोलतात. पण विक्री आणि सर्व्हिस टाटांच्या दुकानांतून. तिथे फियाटचं गिऱ्हाईक पाहुणा. २०१२ मध्ये फियाटने आपली वेगळी दुकानं थाटायला घेतली, तोवर उशीर झाला होता.

आता खरी मजा ऐका. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचा परवाना घेऊन मारुतीने २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट काढली. तिला वेटिंग! इंडिका व्हिस्टाच्या क्वाड्राजेटमध्ये तेच इंजिन. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, सगळीकडे तेच. लोक गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, तोपर्यंत हे चालू होतं. म्हणजे 'फियाट नको रे बाबा' म्हणणारी लाखो कुटुंबं बॉनेटखाली फियाटचं इंजिन घालून अष्टविनायक करून आली, आणि घरी येऊन म्हणाली, मारुतीच्या इंजिनाला तोड नाही. तेच इंजिन घातलेली पुंटो शोरूममध्ये धूळ खात उभी.

याचा उलटा प्रयोगही झाला. २०१९ मध्ये टोयोटाने ग्लान्झा आणली. गाडी सगळी मारुतीची बलेनो. बनवणारा कारखाना तोच, फक्त समोरचं चिन्ह वेगळं. पण टोयोटाने वॉरंटी दिली ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, बलेनोला तेव्हा होती २ वर्षं किंवा ४० हजार. माझी एक मैत्रीण हे सगळं माहीत असून ग्लान्झा घेऊन आली. "गाडी सारखीच आहे गं, पण काउंटरमागची माणसं वेगळी आहेत." यंत्राचा तिला काही प्रश्नच नव्हता. ती काउंटर विकत घ्यायला गेली होती.

घोटाळ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने प्रदूषण चाचणीत फसवल्याचं उघड झालं, भारतातही ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या. जगभर गाजलेली लबाडी. पण माझ्या ओळखीत त्या कारणासाठी त्या कंपनीवर फुली मारलेला एकही माणूस नाही. फुली मारलेले आहेत, त्यांना विचारलं तर सांगतात साइड मिररची किंमत. हवेशी केलेली लबाडी सगळ्यांशी केलेली असते, म्हणजे कुणाशीच नाही. मिररचं बिल मात्र आपल्या नावाने फाटतं.

धंद्याच्या गाडीवाल्यांचं वेगळं. शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारणारे ड्रायव्हर अढीबिढी धरत नाहीत. त्यांच्यातल्या एकाला विचारलं, इनोव्हाच का? म्हणाला, "ताई, बंद तर कुठलीही पडंल. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू पाहिजे." एवढंच. त्यांचा काउंटरशी संबंध कमी, मिस्त्रीशी जास्त. मिस्त्री त्यांना 'तुम्ही विसरला असाल' म्हणत नाही. म्हटलं तर उद्या दुसरा मिस्त्री.

बाकी सगळ्यांच्या रागाचा भाव शेवटी रीसेलच्या बाजारात फुटतो. जुन्या गाड्यांचा दलाल टायरला हात न लावता सांगतो, "गाडी एक नंबर आहे साहेब, पण हिला गिऱ्हाईक नाही." हजारो घरांतल्या जेवणाच्या टेबलांवरचे किस्से त्या एका वाक्यात जमा झालेले असतात आणि त्यांची वजावट तुमच्या किमतीतून होते. माझ्या भाच्याने असाच एक सौदा साधला. सुस्थितीतली लिनिया त्याला एखाद्या बऱ्या मोटरसायकलच्या भावात मिळाली. दर रविवारी धुतो आणि म्हणतो, लोकांनी असंच रुसून राहावं.

लोकांचं रुसणं मूर्खपणाचं आहे असं मला मात्र वाटत नाही. सदोष गाडी वारंवार दुरुस्त करूनही नीट होत नसेल तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असा कायदा अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये पहिल्यांदा केला, मग बाकीच्या राज्यांनी. आपल्याकडे गाड्यांसाठी असा खास कायदा नाही. सुरक्षेच्या दोषांसाठी रिकॉल सक्तीचं झालं तेसुद्धा १ एप्रिल २०२१ पासून, त्याआधी कंपन्यांची मर्जी. ग्राहक आयोग आहे, तिथे निकालही लागतात, पण तारखांना जायचं कुणी? दरवाजाच्या पुट्टीसाठी अण्णांनी वकील लावायचा? त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. पुन्हा न जाणं, आणि पोरांनाही जाऊ न देणं. ती त्यांनी पुरेपूर वापरली.

आता आमची लेक पुण्यात गाडी घेतेय. इलेक्ट्रिक. तिच्या एक्सेल शीटमध्ये रेंज, चार्जिंगचा वेळ, बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी, ॲपचे रिव्ह्यू, सगळं आहे. कोणती नको हा रकाना नाही. मी म्हटलं, एकदा अण्णांशी बोल. ती म्हणाली, "आई, अण्णांची गाडी आणि ही गाडी यांच्यात नाव सोडून काय सारखं आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅटरीच्या गाडीत क्लचच नाही, तेव्हा 'हाफ क्लच'चा आरोप तिच्यावर कुणी करणार नाही. पण कार रात्रीत अपडेट झाली आणि सकाळी रेंज कमी दाखवायला लागली तर 'तुम्ही एसी फार लावता' हे कुणीतरी म्हणेलच. नव्या गाड्यांना नव्या अढ्या लागतील. तिथे टिचकी मारून सांगणारा मुंबई नाक्यावरचा पेंटर नसेल, ही एक मोठीच अडचण.

तिने मात्र एक गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती ती केली. शनिवारी सकाळी टेस्ट ड्राइव्हऐवजी ती सर्व्हिस सेंटरच्या वेटिंग रूममध्ये लॅपटॉप उघडून बसली. दोन कंपन्यांच्या. एका ठिकाणी एक आजोबा डॅशबोर्डमधून कटकट आवाज येतो म्हणून सांगत होते आणि पोरगा टॅबलेटवर टिक करत 'सर, नॉर्मल आहे' म्हणत होता. दुसरीकडे अशीच आवाजाची तक्रार घेऊन एक बाई आल्या. ॲडव्हायझरने किल्ली घेतली, त्यांनाच चालवायला लावली, स्वतः शेजारी बसला आणि स्पीडब्रेकरवरून फेरी मारून परत आला. "येतोय मॅडम आवाज, मीही ऐकला." लेकीने तिथेच बुकिंग केलं.

"आणि गाडी हातात येईपर्यंत तो पोरगा नोकरी सोडून गेला तर?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली, "त्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढेल."

कंपनी कोणती, ते अण्णांना कोण सांगणार यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.